मागे बसणाऱ्याची वहिवाट

लातूर,
रविवार, १५ डिसेंबर २००२

श्री. रा. रा. धोंडप्पा मलकाप्पा, चालक, राज्य परिवहन, नांदेड आगार, यांना बालमित्र अनंताचा एका हाताने नमस्कार. (डावा हात गळ्यात अडकवलेला आहे. त्याची हकीकत ओघाने येईल.) इथे आम्ही सर्व, एक हात वगळता, खुशाल आहोत. तिकडची खुशाली कळवावी.

एवढा मान पुरे. आता तू.

तुझा डावा गुडघा कसा आहे? क्लच दाबून दाबून तो कामातून गेला, असं तुझ्या गाडीचे कंडक्टर किशनराव परवा लातूर स्टँडवर सांगत होते. (त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. ती शेवटी लिहीन. आत्ताच लिहिली तर तू पत्राची घडी घालून खाकी शर्टाच्या खिशात ठेवशील आणि पुढच्या धुण्यात त्याचा लगदा होईल.) वहिनींना नमस्कार सांग. विनीता मजेत आहे, म्हणजे चार दिवस माझ्याशी बोलत नाही, पण मजेत आहे. मुकुल इंजिनिअरिंगला पुण्याला गेला आणि जाताना त्याची जाड टायरची, अठरा गिअरची डोंगरी सायकल घरीच ठेवून गेला. दहावीला चांगले मार्क पडले म्हणून आम्ही ती त्याला घेतली होती आणि लगेच अकरावी-बारावी आली म्हणून चालवू दिली नव्हती. दोन वर्षं विनीता तिच्या हँडलवर टॉवेल वाळत घालत होती. अठरा गिअरचा टॉवेल-स्टँड आमच्या गल्लीत दुसऱ्या कुणाकडे नाही.

लातूर तुला आता ओळखू यायचं नाही. (तू येत नाहीस, म्हणून सांगतो.) भूकंपाला नऊ वर्षं झाली, तेवढ्यात इथे घरं कमी आणि क्लास जास्त झाले. ज्याच्या घराला एक मजला होता त्याने दुसरा चढवला आणि त्यात चार-चार खाटांच्या खोल्या पाडल्या. धर्माबाद, देगलूर, मुखेड, कुठून कुठून पोरं येतात आणि सकाळी साडेपाचपासून सायकलीवर एका क्लासमधून दुसऱ्या क्लासला जातात. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो आणि क्लासमध्ये तेच पदार्थविज्ञान दुप्पट वेगाने शिकवतो. सकाळी खिडकीशी उभं राहून मला ती पोरं बघायला आवडतं. थंडीत धुकं असतं, सायकली एकामागोमाग एकाच दिशेने जात असतात, कुणी बोलत नाही, नुसती चेनची कुरकुर. मला पुष्कळदा वाटतं की पोरं अजून झोपेतच आहेत आणि सायकलीच त्यांना वाट माहीत असल्यासारख्या घेऊन चालल्या आहेत. असं बघता बघता माझा चहा निवतो आणि विनीता आतून कप उचलायला येते.

नोव्हेंबरात मी वर्गाला उतारावरच्या घर्षणाचं गणित घातलं. एक सायकलस्वार पायडल न मारता पाच अंशांच्या उतारावरून खाली येतो, हवेचा विरोध नगण्य मानावा, तर पायथ्याशी त्याचा वेग किती? एकशे वीस पोरं आणि एकशे वीस बरोबर उत्तरं, दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत. मी सहज विचारलं की खऱ्या उतारावरून सायकल सोडून कुणाला किती दिवस झाले. कुणीही हात वर केला नाही. मुखेडकडची सुकन्या नावाची एक मुलगी आहे, शेतकऱ्याची, बारावीला दुसऱ्यांदा बसलेली. वर्षभरात ती 'प्रेझेंट सर' याखेरीज काही बोलली नव्हती. ती उभी राहिली आणि म्हणाली, "सर, लातुरात उतारच न्हाई." मग बसता बसता स्वतःशीच म्हणाली, "आमच्याकडं लई हायत."

माझं तोंड नेहमी माझ्या आधी घराबाहेर पडतं, हे तुला ठाऊक आहे. मी म्हणालो, येत्या रविवारी तुम्हाला उतार दाखवतो.

आता उतार म्हणजे मला एकच ठाऊक. मोरदऱ्याचा. बोरदरीच्या चिंचेपासून निघायचं, वळण घ्यायचं, डोंगर चढून जायचं आणि पलीकडे निलंग्याच्या रस्त्याला लागेपर्यंत सायकल सोडून द्यायची. माझे वडील तुमच्या बोरदरीत मास्तर होते, गावात शाळा सातवीपर्यंत, म्हणून आपण दोघं आठवी ते अकरावी त्या वाटेने निलंग्याला शिकायला गेलो. सायकल एक, तुझ्या वडिलांची, काळी, आपल्या दोघांपेक्षा उंच. चालवायचास तू. मी डबलसीट. पहिल्या आठवड्यात माझे पाय तुझ्या टाचांना लागले आणि आपण दोनदा पडलो, तेव्हा तू फर्मान काढलंस, "तोंड मागं करून बस." तेव्हापासून चार वर्षं मी करिअरवर तुझ्या पाठीला पाठ लावून, मांडीवर दोन दप्तरं आणि एक डबा घेऊन, उलटा बसून शाळेला गेलो. तुला वाट येताना दिसायची, मला जाताना. झाड आधी माझ्या कानामागून यायचं, मग खांद्याशी, मग समोर, आणि मग लहान लहान होत जायचं. भूगोलाच्या तासाला मी पेंगायचो तेव्हा डोळ्यांसमोर तेच चालू असायचं. खरं सांगायचं तर अजूनही होतं. बोर्डावर लिहिता लिहिता मी थांबतो आणि पोरांना वाटतं, सर डेरिव्हेशन आठवत आहेत.

एवढी वर्षं आणखी एक गोष्ट तू कुणाला सांगितली नाहीस, त्याबद्दल मी तुझा ऋणी आहे. मला सायकल येत नाही. मागे बसायला सोय असल्यावर शिकतो कोण? पुढे स्कूटर आली, तिलाही विनीता चालवते. पण 'सर उतार दाखवणार' ही बातमी क्लासभर झाली, रविवारी सतरा पोरं सायकली घेऊन स्टँडवर उभी राहिली, आणि मी मुकुलच्या सायकलीवरचे टॉवेल काढून तिला हाताने धरून चालत तिथे गेलो. निलंगा गाडीच्या टपावर अठरा सायकली चढल्या. (कंडक्टर नवा होता. त्याने प्रत्येक सायकलीला नाव विचारलं.) बोरदरी फाट्यावर उतरल्यावर मी जाहीर केलं की पुढाऱ्याने नेहमी सर्वांच्या मागे, पायी आणि सायकल हातात धरून चालावं, म्हणजे निरीक्षण नीट होतं. लातूरची पोरं शिक्षकाच्या शब्दावर शंका घेत नाहीत. एकाने ते वहीत लिहून घेतलं.

तर धोंडप्पा, तो डोंगर तसाच आहे. कुसळी गवत कमरेएवढं, वाळून पिवळं झालेलं. सालई, धावडा, आपटा, सगळी आपापल्या जागी. खाली ज्वारी निसवलेली, आणि बांधावरच्या शेकोटीचा धूर शेतावरून हलायला तयार नाही. चढावर पोरं सायकलीवरून उतरून ढकलत होती आणि हळूहळू त्यांची बडबड सुरू झाली. आधी मार्कांची, मग जेवणाची, मग आपापल्या गावची. एक पोरगा वाकून एका पावलाचा ठसा बघत दहा मिनिटं तसाच राहिला. मला वाटत होतं की मी कुणाच्या तरी झोपेतून चाललो आहे आणि जोरात बोललो तर ते जागे होतील. मोर ओरडला तेव्हा सतराच्या सतरा थांबले. मग माथा आला, त्यांनी सायकली सोडल्या, आणि एकामागून एक त्या गवतात बुडत गेल्या. सुकन्या सर्वांत शेवटी. तिने ब्रेकवरची बोटं काढलेली मी पाहिली. तिचं हसू खालून वर आलं, ते मी त्या क्षणापर्यंत ऐकलेलं नव्हतं.

इथवर सर्व ठीक होतं. खाली दोन वाटा फुटतात, तिथे पोरं माझी वाट बघत थांबली होती. मी छाती काढून म्हणालो, पळस उजव्या हाताला ठेवायचा. मला तो उजव्याच हाताला आठवत होता. आपण रोज त्याच्याजवळून गेलो आहोत आणि तो माझ्या उजव्या हाताला होता, यात तिळमात्र शंका नाही. फक्त माझं तोंड मागे होतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही. त्यामुळे आम्ही निलंग्याच्या रस्त्याला न लागता थेट ओढ्यातल्या त्या घळीत गेलो, जिथे मोर बसतात आणि जिथे वनखात्याची माणसंसुद्धा पाय वाजवत नाहीत.

तिथे वनरक्षक केरबा बसले होते. (मिशा मोठ्या, माणूस हळवा.) त्यांनी सांगितलं की मोरदऱ्याचा डोंगर शहाऐंशी साली मोरांसाठी राखीव झाला आहे, माथ्यावर तशी पाटी आहे, आणि चाक घेऊन आत येणं गुन्हा आहे. पाटी मी पाहिली होती, पण मागून. केरबांनी काय करावं? अठराही सायकलींची हवा सोडून दिली. त्या शांत घळीत छत्तीस टायरांचा सुस्कारा बराच वेळ चालला. मग त्यांच्या लक्षात आलं की हवा नसलेल्या सायकली राखीव वनातून बाहेर जाणार कशा, आणि आत ठेवल्या तर त्यांची नोंद कुठल्या रजिस्टरात करायची. शेवटी ते स्वतःच पुनर्वसनाच्या नव्या बोरदरीतून पंप घेऊन आले. सुकन्या हवा भरता भरता माझ्याकडे बघून म्हणाली, "सर, ते गणित चुकीचं हाय. हवेचा विरोध नगण्य न्हाई. लई लागते." मी तिला म्हणालो, खरं आहे, पण परीक्षेत तसं लिहू नकोस.

त्या दिवशी आमच्या क्लासच्या खानावळीत तिने दोन भाकरी मागून घेतल्या, असं मेसच्या बाईंनी मला मुद्दाम कळवलं. वर्षभर ती अर्धी टाकायची. तेव्हा मी ठरवलं की ती वाट रीतसर मिळवायची.

मी निलंग्याच्या वनाधिकारी साहेबांकडे अर्ज केला. विनीता म्हणते, आपल्या लग्नाच्या पत्रिकेवरसुद्धा तुम्ही एवढा विचार केला नव्हता. मी लिहिलं की आम्हाला अख्खा डोंगर नको, एकच वाट द्या. दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंत, रविवारी, उजेडात. पावसाळ्यात मोरणी जमिनीवर अंडी घालते, तेव्हा आम्ही फिरकणारही नाही. घळीच्या अलीकडे उतरून चालू. घंटी वाजवणार नाही. चाकाने चरी पडल्या तर दगड लावून आम्हीच बुजवू. मोर त्यांचा, डोंगर त्यांचा, आम्ही नुसते वरून खाली येणार. आणि शेवटी लिहिलं की पायवाट म्हणजे पायाने जायची वाट, सायकलही पायानेच चालते. (हे वाक्य मला फार आवडलं होतं. साहेबांना आवडलं नाही.) केरबांनी माझ्या बाजूने तोंडी सांगितलं, "साहेब, चाकानं काय एवढं खुंदळत न्हाई, गुरंच जास्ती खुंदळतेत. आन् जिथं मानसाची ये-जा बंद, तिथं कुऱ्हाड येते. पोरं येत-जात राहिली तर माझं दोन डोळं वाढतील." हे मी लिहिलेल्या चार पानांपेक्षा बरं होतं.

साहेब माणूस वाईट नाही. तरुण आहे, आणि डोंगरावर त्याचं माझ्याइतकंच प्रेम आहे, फक्त त्याला तो सरळ बाजूने माहीत आहे. त्याने शहाऐंशी सालचा कागद काढून दाखवला. त्यात एक रकाना आहे, 'पूर्वापार वहिवाट', आणि त्यात लिहिलं आहे, 'पायवाट एक, माणसे व गुरे'. चाकाचं नाव नाही. तो म्हणाला, "प्राध्यापकसाहेब, नवी परवानगी मला देता येत नाही. पण शहाऐंशीच्या आधी त्या वाटेने सायकलीची वहिवाट होती, असा जबाब झाला तर मी कागदात चाक घालू शकतो." मी आनंदाने उभा राहिलो. म्हणालो, होती की, चार वर्षं रोज, मी स्वतः. कारकुनाने पेन उघडलं. मग साहेबांनी अगदी साधेपणाने विचारलं, "सायकल आपण चालवत होता?"

धोंडप्पा, शपथेवर होतो. माझे वडील मास्तर होते. मी म्हणालो, नाही, डबलसीट.

"म्हणजे मागे?"

मी म्हणालो, मागे, आणि तोंडही मागे. इथे कारकुनाने पेन थांबवलं. बराच विचार केला, साहेबांच्या कानात काही विचारलं आणि लिहिलं ते मी सहीच्या वेळी वाचलं: 'सदर सायकलीवर चालक धोंडप्पा, व माल म्हणून दप्तरे दोन, डबा एक, अर्जदार एक.' वहिवाट चालवणाऱ्याची असते, मालाची नसते, असं त्यांचं म्हणणं पडलं. अठ्ठेचाळीस वर्षांच्या आयुष्यात माझं इतकं अचूक वर्णन कुणी केलं नव्हतं. मी सही केली.

विठाबाईंनाही साक्षीला नेलं होतं. तुझ्या शेजारच्या विठाबाई, आता नव्या बोरदरीत ओळीतल्या चौथ्या घरात राहतात. त्यांनी साहेबांना सुनावलं, "सायकल म्या रोज बघितली. घंटी ऐकली की मी चूल पेटवायची. पन चालवली न्हाई बाबा. चालवनारा नांदेडात हाय, त्यो येईना." मग माझ्याकडे वळून विचारलं, "रागावलाय का रं त्यो आमच्यावर?" मी म्हणालो, नाही, त्याला ड्यूटी असते. त्यांनी मान हलवली. आमच्या दोघांचाही त्यावर विश्वास बसला नाही.

परत येताना गाडीत मी खिडकीशी बसलो होतो (उलट्या सीटवर, ड्रायव्हरच्या मागे, माझी नेहमीची जागा) आणि विचार करत होतो की निदान आता तरी सायकल शिकावी. दुसऱ्या दिवशी सुकन्याला विश्वासात घेतलं. तिला हसू आलं नाही, हे मी विसरणार नाही. ती एवढंच म्हणाली, "मग सर, त्या दिशी तुम्ही सगळा डोंगर चालत आलात?" क्लासच्या मागे मोकळं मैदान आहे. तिथे रोज सहाच्या बॅचआधी ती सीट धरून पळायची आणि मी वर बसून घर्षणाचे नियम आठवायचो. त्या वेळी मैदानावर दव असतं, उजेड नुकता येत असतो, आणि चाकाखाली जमीन आपणहून सरकत असते. आयुष्यात पहिल्यांदा मला झाडं समोरून येताना दिसली. आधी लहान, मग मोठी. धोंडप्पा, तू चार वर्षं हे बघत होतास आणि मला कधी सांगितलं नाहीस. मी त्यातच इतका रमलो की तिने सीट केव्हा सोडली ते कळलं नाही, आणि एक कडुलिंब मोठा मोठा होत गेला, तो थांबलाच नाही. हात मोडलेला नाही, चीर आहे. प्लॅस्टर तीन आठवड्यांनी निघेल. विनीताने डॉक्टरांसमोर विचारलं की या वयात हे कशासाठी, आणि मी खरं उत्तर दिलं नाही, म्हणून ती बोलत नाही.

पत्र लांबलं. गुडघ्याची काळजी घे. वहिनींना पुन्हा नमस्कार.

तुझा,
अनंता
(माल, एक नग)

ता. क. जबाबाची पुढची तारीख नऊ जानेवारी, गुरुवार, सकाळी अकरा, निलंगा. तुझ्याशिवाय त्या वाटेने सायकल चालवलेला दुसरा जिवंत माणूस मला सापडलेला नाही. त्या दिवशी चालक हजर नसेल तर प्रकरण बंद होईल आणि माथ्यावर तारेचं कुंपण लागेल. किशनरावांनी सांगितलेली दुसरी गोष्ट ही, की नऊ वर्षांत तुला निलंग्याची ड्यूटी सतरा वेळा लागली आणि सतराही वेळा तू ती बदलून धर्माबादची घेतलीस. मी तुला नावं ठेवत नाही. त्या रविवारपर्यंत मीही नऊ वर्षांत तिकडे गेलो नव्हतो. पोरांना उतार दाखवायचा हे खरं, पण एकट्याने जायची छाती नव्हती, म्हणून सतरा जणांना सोबत घेऊन गेलो, हे त्याहून खरं. जुन्या गावात आता बाभळी वाढल्या आहेत. चिंच उभी आहे.

ता. क. दुसरा. भूकंपानंतर तुमच्या घराच्या ढिगाऱ्यापाशी तू मला एकच वाक्य बोलला होतास. "गणपतीत येऊन गेलो अनंता, निघताना वळूनसुद्धा पाह्यलं न्हाई." तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. नऊ वर्षांनी त्या वाटेवर उभा राहिलो तेव्हा सुचलं. तू कधीच वळून पाहिलं नाहीस, कारण तू चालवत होतास. चालवणाऱ्याला वळता येत नाही, हे मला आता लिंबामुळे कळलं आहे. पण मी मागे तोंड करून बसलेला होतो. तुझी आई, केवळाअव्वा, रोज चिंचेखाली यायची. एक हात खोडावर ठेवायची. हात हलवायची नाही, हाक मारायची नाही. आपण लहान लहान होत वळणाआड जाईपर्यंत उभी असायची, आणि मग पदराने चेहरा पुसून गावाकडे वळायची. पावसातही. चार वर्षांत एकही दिवस चुकला नाही. तिची नजर तुझ्या पाठीवर असायची आणि मधे मी असायचो. हे तुझं होतं, मी नुसता घेऊन बसलो होतो. आधीच द्यायला हवं होतं.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. विनीताला न दिलेलं उत्तर असं, की मी सायकल साहेबांसाठी शिकत नाही. मुकुलच्या सायकलीला करिअर नव्हतं. दुकानदार म्हणाला, असल्या सायकलीला करिअर लावत नाहीत, शोभा जाते. मी वेल्डरकडून जाड सळईचं करून घेतलं आहे. नऊ तारखेला जबाब झाला की कागदात चाक घालोत न घालोत, आपण चिंचेपासून एकदा वर जाऊ. या खेपेला चालवीन मी. प्लॅस्टर तोवर निघालेलं असेल आणि सरळ रेषेत मला आता येतं. वळणाचं तेवढं सुकन्या मग शिकवणार आहे. तू मागे बस, तोंड गावाकडे करून. पाय माझ्या टाचांना लावू नकोस, आणि चढ आला की उतर.